पेट्रोलनळीची क्लिप मोडली आणि बसविली त्याचे वर्तमान

श्रीगजाननास नमन, जो उंदरावर बसोन त्रैलोक्य फिरतो आणि ज्याचे वाहनास पेट्रोल लागत नाही, नळी लागत नाही, आणि नळीस क्लिप तर मुळीच लागत नाही. मग सरस्वतीस नमन, आणि ज्या कुलदेवतेने राजियांचे हातून ऐसे कार्य होत असता आळी पेटू दिली नाही, तीस साष्टांग नमन करून लिहिले जाते ऐसे जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, आश्विन शुद्ध अष्टमी ते दशमी, या काळात अमुक एके राज्यात जी मोहीम जाहली तिचे वर्तमान येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. राज्य लहान. तीन खोल्या, एक गच्ची, खाली मोटार उभी राहील इतकी फरशी, आणि पूर्वेस कमरेएवढी भिंत, तिजपलीकडे वाळिंबे यांची हद्द. हे लिहिणारा दरबारचा जुना चाकर. राजियांचे इतका निकट की राजियांचे बोट चेपले तर याने 'आई गं' म्हणावे. याहून अधिक ओळख देत नाही.

राज्यावर दिगंबरराजे म्हणोन होते. कचेरीची चाकरी संपवून नुकतेच घरी बसले होते आणि घरी बसल्यापासून आपणांस यंत्रविद्या येते ऐसे त्यांचे मनाने घेतले होते. पंख्याचा आवाज बंद करावयास गेले आणि पंखाच बंद केला, मग मिक्सर उघडला तो आजवर उघडाच आहे, परंतु हिंमत खचली नाही. राणी वैजयंतीबाई. खजिना, मुदपाकखाना, शेजारपाजारचे राजकारण आणि खुद्द राजे, इतका कारभार एकहाती पाहात. राज्यात मोटार एक, चंदेरी, जुनी. राजियांचे डोईस दाट केस होते त्या काळी घेतलेली. मोटारीची उजवी गादी ती राजगादी. तिजवर राजियांवाचून कोणी बसले नाही आणि राणीसाहेब सदा डावे बाजूस, मांडीवर पाण्याची बाटली आणि आवळासुपारीची डबी घेऊन बसत. ऐसे वीस वर्षे चालले आणि यात काही वावगे आहे ऐसे राजियांस कधी वाटले नाही.

तो या सालचे वैशाखात राणीसाहेब रोज सकाळी कोठेशी जाऊ लागल्या. राजे समजले, भजनी मंडळास जातात. आणि आषाढात एके दिवशी जेवते समयी राणीसाहेबांनी मोटार हाकण्याचा परवाना ताटाशेजारी ठेविला आणि भात वाढला. राजियांचा घास तोंडाशी राहिला. मग राणीसाहेब बोलिल्या, "दसऱ्याला माहेरी जायचंय ना, गाडी मी घेणार." आणि लगोलग बंधूस फोन लाविला, तो सर्वांनी ऐकावा म्हणोन मोठ्याने लाविला. बंधू गोपीनाथराव, घाटापलीकडचे मुलखात ऊस आणि म्हशी बाळगून असत. ते हसले आणि म्हणाले, "ताई, तू? येडी का काय! मधी घाट हाय. दाजी आणत्यात की तुला, गप बसून ये." राणीसाहेब म्हणाल्या, "गोप्या, मी घेऊन येते. तू फाटकात उभा राहून बघ." आणि फोन ठेविला. त्या क्षणी त्यांचे मुखावर जे तेज आले ते राजियांनी लग्नात अंतरपाट दूर जाहला तेव्हा एकदा पाहिले होते, मध्ये पाहिले नव्हते. राजे बोलिले, "हो हो, का नाही? घाटापर्यंत मी, मग सपाटीवर तू." त्यास उत्तर आले, "घाटच चालवायचाय मला." मग राजियांनी भात कालविला आणि विषय पावसाकडे नेला.

अष्टमीस राजियांनी मनसुबा केला की उद्या खंडेनवमी, मोटारीची पूजा होणार, तरी इंजिन आरशासारखे लखलखीत करावे. वास्तविक इंजिन पुसावे ऐसे शास्त्रात कोठे नाही आणि कोणी सांगितलेही नव्हते. परंतु राणीसाहेब गादी घेणार, तर इंजिन तरी आपले हाती राहावे, ऐसे काहीसे राजियांचे मनात असावे. बनियनवर स्वारी निघाली. बॉनेट उघडले, फडके घेतले, आणि पुसता पुसता दोन नळ्यांमागे मळ दिसला. आता मोटारीची रचना ऐसी की मागे टाकी, पुढे इंजिन, मध्ये पेट्रोल नेणारी नळी, आणि उरलेले पेट्रोल परत आणणारी दुसरी नळी. नळीचे दोन तुकडे जेथे जुळतात तेथे नखाएवढी प्लास्टिकची क्लिप, दोन कानांची. तिने नळीचे तोंड आतून धरून ठेवावे इतकेच तिचे काम, आणि ते काम ती वीस वर्षे मुकाट करीत होती. राजे म्हणाले, नळी अंमळ सोडवू, मागला मळ काढू आणि पुन्हा बसवू. क्लिपेचे दोन्ही कान चिमटीत धरले आणि ओढले. तो क्लिप उन्हात वाळून भाजक्या पापडासारखी जाहली होती, तिचा चुरा जाहला, नळी सुटली, आणि आत कोंडलेले पेट्रोल उसळून थेट राजियांचे मिशीवर आले. ऐसा अभिषेक या घराण्यात पूर्वी कोणास जाहला नव्हता.

वरून राणीसाहेबांनी विचारिले, "अहो, वास कसला येतोय?" राजे बोलिले, "पॉलिशचा!" आणि मिशी धुतली, आणि पाण्याची नळी सोडून फरशी धुतली, आणि क्लिपेचा चुरा गटारास मिळाला. पुरावा गेला, राजे सुखावले. हे सर्व भिंतीपलीकडून वाळिंबे अण्णा चहाचा कप घेऊन पाहात होते. वाळिंबे अण्णा म्हणजे या राज्याचे बिनपगारी मुत्सद्दी. कोणाचेही घरी काही मोडले की त्यांस दोन घास अधिक जात. ते म्हणाले, "काही घाबरू नका दिगंबरराव. तारेनं आवळा. माझ्या स्कूटरला मी वर्षानुवर्षं तार ठेवली होती, एक थेंब नाही गळला." राजे म्हणाले, "स्कूटर दिसत नाही ती हल्ली?" अण्णा म्हणाले, "जळाली. पण ती दुसऱ्या कारणानं." राजियांनी याचा विचार करावयास हवा होता. न करिता तार आणविली, दोघांनी मिळोन नळीस वेटोळे दिले, आवळले, पुन्हा आवळले, आणि मग मिशीवर हात फिरवून राजे जेवावयास गेले आणि एक भाकरी अधिक जेवले.

नवमीस प्रातःकाळी शस्त्रपूजा मांडिली. इतर घरी पोळपाट-लाटणे, विळी, कात्री मांडून भागते. राजियांनी लाल वस्त्र अंथरिले आणि त्यावर झाडून सारे पाने, दोन स्क्रूड्रायव्हर, हातोडी, करवत, लांब नाकाची पकड, बोथट पकड, मोजपट्टी, आणि जागा उरली म्हणोन नखे काढावयाचे यंत्रही मांडिले, आणि हळदकुंकू वाहून मोठ्याने, वाळिंब्यांस ऐकू जाईल ऐशा स्वरात, देवीस सांगितले की हत्यारे तुझे पायी बसविली, उद्या उत्तरपूजा होईतो यांस हात लावणार नाही. हा रिवाज जुना आहे. पूजेस बसलेले हत्यार त्या दिवशी उठत नाही. मोडले ते मोडले, दुसरे दिवशी पाहावे, म्हणोन शहाणी माणसे नवमीआधी मोडतोड आटोपून घेतात.

मग मोटारीस झेंडूची माळ घातली, आणि मोटार प्रसन्न दिसावी म्हणोन राजियांनी ती सुरू करून ठेविली. राणीसाहेब नवी साडी नेसोन, तबकात निरांजन लावून जिना उतरल्या, चार पावले आल्या, आणि थबकल्या. म्हणाल्या, "अहो, हा वास?" राजे म्हणाले, "फुलांचा." राणीसाहेब म्हणाल्या, "झेंडूला पेट्रोलचा वास येत नाही." आणि तबकावर पदर धरून जशा आल्या तशा माघारी फिरल्या, निरांजन वर देवापाशी ठेविले, दार लोटले, आणि रिते हात घेऊन आल्या. बोलिल्या, "आधी गाडी बंद करा." राजियांनी केली. मग बॉनेट उघडले तो तारेचे वेटोळे ओले, त्यास थेंब लोंबतो आहे, तो पडला की मागून दुसरा येतो. निरांजन आणखी जवळ आले असते तर ही बखर लिहिणाराच उरला नसता. भिंतीपलीकडे अण्णा चहा पीत होते, ते आत गेले.

राणीसाहेब रागावल्या असत्या तर राजियांस सोपे गेले असते, रागावण्यास उत्तर असते. त्या रागावल्या नाहीत. सारी हकीकत ऐकोन घेतली, मिशीपर्यंत, आणि म्हणाल्या, "उद्या मी जाणार की नाही, एवढंच सांगा." राजे म्हणाले, "बसनं जाऊ की. काय फरक पडतो?" त्या म्हणाल्या, "बसनं उतरले की गोप्या काय म्हणेल ते तुम्हाला माहीत आहे. आणि तो एकदा हसला की मी परत कधी म्हणणार नाही, मला चालवायचंय म्हणून. मला मी ठाऊक आहे." इतके बोलोन मोटारीची माळ सरळ केली. आता खरे लिहावयाचे तर, क्लिप मोडली तेव्हा राजियांचे मनात कोठेतरी किंचित बरे वाटले होते, की चला, गादी वाचली. ते बरे वाटणे त्या क्षणी करपले आणि त्याची राजियांस लाज वाटली. हे या चाकराने आतून पाहिले आहे.

मग धावाधाव. प्रथम बबन मिस्त्रीस फोन केला, जो या मोटारीचा पिढीजात वैद्य. मिस्त्री म्हणाला, "सायेब, हत्यारं देवीम्होरं बसल्यात. उद्या दुपारबिगर उठायची न्हाईत. अन् मीबी न्हाई." राजे म्हणाले, "अरे, एक क्लिप आहे नुसती." तो म्हणाला, "मग बसवा की तुमी. तुमची हत्यारं हायती की." राजियांनी फोन ठेविला, कारण आपली हत्यारेही बसविली आहेत हे सांगण्याचे तोंड नव्हते. मग पिशवी घेऊन पेठेत मोटारीचे सुट्या भागांचे दुकानी गेले. दुकानदार ओसवाल म्हणोन होते, तेही पूजेचे घाईत, गल्ल्यावर आंब्याचे डहाळे बांधीत होते. राजियांनी हातवारे करून सांगितले, नखाएवढी असते, पांढरी असते म्हणजे पूर्वी पांढरी असते मग पिवळी होते, दोन कान असतात. ओसवाल म्हणाले, "सर, कानवाल्या पन्नास जातीच्या क्लिपा आहेत माझ्याकडे. नमुना आणा. आणि लवकर आणा, पूजा झाली की शटर ओढणार." राजे घरी आले. नमुना तर गटारास मिळालेला.

ते समयी राजियांस जी बुद्धी सुचली तीस या राज्याचे इतिहासात तोड नाही. राजे म्हणाले, दोन नळ्या आहेत, दोन क्लिपा आहेत, एक मोडली, दुसरी धड आहे. तरी धड आहे ती काढून नमुना म्हणोन न्यावी. राणीसाहेब म्हणाल्या, "चांगली आहे तिला कशाला हात लावता? फोटो काढून न्या ना." राजे म्हणाले, "फोटोत माप कळत नाही. तू थांब, आता मला तिची नस कळली आहे." आणि या खेपेस बॅटरीची तार सोडविली, फडके धरले, श्वास रोखला, आणि अलगद, अगदी अलगद, तान्ह्या मुलाचे कान धरावे तैसे तिचे कान धरले. तीही मोडली. एक तुकडा हाती आला, एक नळीचे घरात अडकोन बसला. राणीसाहेबांनी तो हातातला तुकडा पाहिला आणि म्हणाल्या, "झाला तुमचा नमुना."

तो तुकडा कागदात बांधून राजे पुन्हा पेठेस गेले. ओसवालांनी पुडी उघडली, तुकडा पाहिला आणि गल्ल्यावरली बरणी पुढे ओढली, जी राजियांचे नाकासमोर पहिल्या खेपेपासून होती, आणि तीत गोळ्या-बिस्किटांसारख्या त्याच क्लिपा भरल्या होत्या. म्हणाले, "ही होय? अहो, ही तर रोज जाते. जुन्या गाड्यांची हीच मोडते. हिला नमुना कशाला लागतो?" राजियांनी त्यांजकडे पाहिले, बरणीकडे पाहिले, आणि मुठीने क्लिपा घेतल्या, दोन लागत होत्या तरी मुठीने घेतल्या, कारण आपले हातांचा गुण आता त्यांस कळो आला होता. मागे शटर ओढल्याचा आवाज जाहला.

आता क्लिप होती परंतु घर रिकामे नव्हते. जुन्या क्लिपेचा तुकडा नळीचे तोंडात रुतून बसलेला, तो ओढावयास लांब नाकाची पकड पाहिजे, आणि पकड देवीपुढे, लाल वस्त्रावर, हळदकुंकू ल्यालेली. राजियांनी राणीसाहेबांची केसांची पिन घेतली, ती वाकली. भुवयांचा चिमटा घेतला, तो पोहोचेना. विणकामाची सुई घेतली, ती आत पडता पडता राहिली. मग भिंतीवरून हाक मारली, "अण्णा, तुमची पकड?" आतून उत्तर आले, "बसलीय!" राजे म्हणाले, आता हे राज्य बुडाले. देवीस दिलेला शब्द, आणि तोही वाळिंबे ऐकोन आहेत, मोडावा कसा? ऐसे म्हणोन राजे पायरीवर डोके धरून बसले. काळ्या हातांनी धरले, त्याचे डाग नंतर पाच दिवस निघाले नाहीत.

तो राणीसाहेब देवघरात गेल्या. राजे मागोमाग गेले आणि दाराशी उभे राहिले. राणीसाहेबांनी वाटीत साखर घातली, देवीपुढे ठेविली, आणि रोज दूधवाल्याशी बोलतात त्याच आवाजात बोलिल्या, "हे बघ, पकड नेते. लगेच धुऊन आणून ठेवते. यांच्यासाठी नाही नेत, माझ्यासाठी नेते. माहेरी जायचंय मला, आणि माझं मी जायचंय. तुलाही माहेर आहे, तुला काय सांगायचं." मग अंमळ थांबल्या, जणू पलीकडून काही उत्तर येत आहे, मान डोलाविली, पकड उचलली, आणि कुंकवासकट राजियांचे हाती दिली. म्हणाल्या, "हो म्हणाली. चला." राजियांस विचारावयाचे होते की हो म्हणाली हे कळले कैसे, परंतु ही वेळ धर्मशास्त्राची नव्हे ऐसे जाणोन खाली गेले.

पकडीने तुकडा निघाला. मग नवी क्लिप घरात बसविली आणि नळी लोटली. ओसवालांनी जाता जाता सांगितले होते की नीट बसली की टक् ऐसा आवाज होतो, तो ऐकल्याशिवाय गाडी सुरू करू नका. राजियांनी नळी रेटली, पुन्हा रेटली, आणि टक् जाहले. राजे ओरडले, "फत्ते!" राणीसाहेब मोबाईलचा उजेड धरून वाकल्या होत्या, त्या म्हणाल्या, "तो तुमच्या बोटाचा आवाज होता." आणि खरेच, बोटाचे पेर लोखंडास आपटोन सोलले होते, आणि या लिहिणाराचेही त्याच जागी सोलले. राणीसाहेबांनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "ती उलटी नाही ना घातलीत? जुनीचे कान वर होते." राजे म्हणाले, "खाली होते." त्या म्हणाल्या, "वर होते. नमुना बघा." नमुना पाहिला. नमुन्याचा उपयोग म्हणावा तर हा एवढा एक जाहला. क्लिप काढिली, तीही मोडली, परंतु मुठीने आणल्या होत्या. नवी घेतली, कान वर केले, नळी सरळ धरली आणि हलकेच लोटली, तो टक्. स्वच्छ, लहानसा, सुपारी फुटावी तैसा. ओढून पाहिले, सुटेना. मग पहिल्या नळीची तार सोडवून तिचीही बसविली, पुन्हा टक्. राजियांचे डोळ्यांस पाणी आले. हात काळे म्हणोन पुसता येईना, ते तैसेच वाहू दिले. घरी बसल्यापासून त्यांनी हाती घेतलेले पहिले काम पुरे जाहले होते.

यावरी बॅटरीची तार जोडिली, नळीखाली कोरा कागद अंथरिला, आणि राजे बॉनेटपाशी राहून म्हणाले, "तू बस आत. सुरू नको करू. नुसती चावी फिरव म्हणजे नळीत पेट्रोल येईल, मग बंद कर, परत फिरव." राणीसाहेब उजवे गादीवर बसल्या आणि चावी फिरवीत राहिल्या, आणि राजे वाकून नळीकडे ऐसे पाहात राहिले की पापणी लवली नाही. कागद कोरा राहिला. मग मोटार सुरू केली, तरी कागद कोरा. मग बंद करून, पुष्कळ वेळ वारा खेळू देऊन, राणीसाहेबांनी स्वतः येऊन चारी बाजूंनी वास घेतला, राजियांचे शब्दावर विसंबल्या नाहीत, आणि म्हणाल्या, "आता आणते निरांजन." आणि तरीही दुरूनच ओवाळिले. राजियांनी हात जोडिले, ते मोटारीस की ओवाळणारणीस, हे लिहिणारास ठाऊक आहे, परंतु लिहीत नाही.

दशमीस, विजयादशमीचे सुमुहूर्तावर, सीमोल्लंघनास स्वारी सिद्ध जाहली. राजे धुतलेला सदरा घालोन, जिना उतरून, वीस वर्षांचे सवयीने मोटारीचे उजवे दाराशी गेले आणि दार उघडिले. आत राणीसाहेब गादी पुढे सरकवीत होत्या. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाल्या, "तिकडून." राजे वळसा घालोन तिकडून गेले. तो वळसा लहान, परंतु मोटारीचे तोंडाशी राजे क्षणभर थांबले, कारण मोटार सुरू होती आणि तीत आपण नव्हतो, ऐसे पूर्वी कधी जाहले नव्हते. वाळिंबे अण्णा भिंतीवर कोपरे टेकून होते. ते म्हणाले, "काय दिगंबरराव, बढती का?" राजे डावे बाजूस बसले, बाटली मांडीवर घेतली, आणि चाकांखाली ठेविलेली लिंबे फुटली.

गाव सुटेतो गिअर दोनदा किंचाळला आणि राजियांनी पायाखालचे फळीवर ब्रेक दाबिला, जो तेथे नाही. मग घाट लागला. तिसरे वळणावर पुढे उसाचा ट्रक, मागे बस, आणि मोटार बंद पडली आणि अंमळ मागे सरकली. बसवाल्याने कर्णा वाजविला. राजे म्हणाले, "हँडब्रेक, हँडब्रेक!" राणीसाहेब म्हणाल्या, "गप्प बसा." आणि हँडब्रेक ओढिला, चावी फिरविली, आणि मध्येच थांबून नाक वर केले. "वास येतोय?" राजे म्हणाले, "नाही." "खात्रीनं?" राजे म्हणाले, "अगं, मी स्वतः बसवलीय." त्या म्हणाल्या, "म्हणूनच विचारतेय." मग राजियांनी काच खाली केली, बाहेर तोंड काढून कुत्र्यासारखा वास घेतला, आणि शपथपूर्वक सांगितले की येत नाही. तेव्हा राणीसाहेबांनी मोटार सुरू केली, हळूच सोडिली, आणि ती मागे न येता वर चढली. पुढे सारा घाट राजियांनी डोळे मिटोन देवीचे नाव घेतले.

माहेरचे फाटकात गोपीनाथराव आपट्याची पाने घेऊन उभे होते. मोटार आली तो ते रिवाजाप्रमाणे उजवे दाराशी धावले, पाने पुढे केली आणि म्हणाले, "या दाजी, सोनं घ्या," आणि आत पाहिले. मग त्यांनी डोईची टोपी काढिली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "ताई! घाट तूच चढवलास?" राणीसाहेब म्हणाल्या, "मग काय गाडी आपोआप चढली?" आणि हात पुढे केला, आणि भावाने बहिणीचे हाती प्रथम सोने दिले, दाजींचे आधी, ऐसे त्या घरी पूर्वी जाहले नव्हते. राजे डावीकडे पट्ट्यात अडकले होते, सोडविता येईना. तेथून त्यांनी हे पाहिले आणि त्यांचा ऊर भरून आला. हे साफ लिहितो, यात थट्टा नाही.

मग ओटीवर सारी मंडळी जमली, भावजया, म्हातारे चुलते, शेजारचे. राजियांचे मनात होते की आता क्लिपेचे वर्तमान निघेल, आणि त्यांनी सोललेले बोट दिसेल ऐशा बेताने हात गुडघ्यावर ठेविला. कोणी विचारिना. मग आपणच आरंभ केला, "काल जरा पेट्रोलच्या नळीत..." तो गोपीनाथराव म्हणाले, "दाजी, तुमी टेका जरा, दमला असाल. ताई, तिसऱ्या वळणाला ट्रक व्हता म्हणतीस, मग?" आणि सारे राणीसाहेबांकडे वळले. राजे टेकले. श्रीखंडपुरी आली, ती खाल्ली. पुन्हा एकदा म्हणाले, "तो टक् आवाज जो आहे ना..." तो भावजयीने आणखी पुरी वाढली.

सायंकाळी परत निघाले. गाव मागे पडले तेव्हा राणीसाहेब आपणहून म्हणाल्या, "आता सांगा. ती क्लिप कशी बसवलीत? तिथे कुणी विचारलं नाही तुम्हाला, मी बघत होते." राजियांस काय वाटले ते लिहिता येत नाही. त्यांनी घसा खाकरला आणि मुळापासून, वीस वर्षांपूर्वी मोटार घेतली तेथपासून, आरंभ केला. तो राणीसाहेब म्हणाल्या, "घाट आला. उतरून होईपर्यंत बोलू नका." घाट उतरून जाहला तो गावातली गर्दी लागली. गर्दी सरली तो घर आले, आणि मोटार मागे घेऊन भिंतीशी लावावयाची होती, ते समयी तर श्वासही घेऊ नये ऐसा हुकूम जाहला. मग दिवे लागले, कुकर लागला, आणि राहून गेले. म्हणोन हे लिहिले.

एवंच सारांश: क्लिपा तीन मोडल्या, दोन बसल्या. पेट्रोल सांडले ते मिशीस लागले. पकड धुऊन देवीपाशी ठेविली. घाटापलीकडचा मुलूख राणीसाहेबांनी जिंकला, आणि दर महिन्यास पुन्हा जिंकतात. राजे डावे बाजूस बसतात, बाटली धरतात, आणि आताशा डोळे उघडे ठेवितात. परवा घाटात त्यांस खाली दरीत एक तळे दिसले, मोठे, निळे, काठी बगळे. राजे म्हणाले, "अगं, हे तळं इथे कधी झालं?" राणीसाहेबांनी रस्त्यावरली नजर न हलविता सांगितले, "पहिल्यापासून आहे. मी दर वेळी दाखवायची तुम्हाला. तुम्ही गाडी चालवत असायचा." लेखनसीमा.